लंगोट, दुपटे आणि गोधडी

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादे लहान भावंड असेल. ते रांगत असेल, भिंतीला धरून उभे राहत असेल किंवा नुकतेच चालू लागले असेल. अशा घराचा सगळा दिवस त्या बाळाच्या मर्जीने चालतो. अब्बा चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून घरी येतात, त्याच वेळी बाळ जागे होते. अम्मी डबा भरू लागली, की ते पिठाच्या डब्यात हात घालते. दादी त्याला मांडीवर घेते आणि घटकाभराने दादीचे कपडे ओले होतात!

या धावपळीत घरात दोन गोष्टी रोज वाढत असतात. एक धुणे आणि दुसरा कचरा. धुण्याचा संबंध आपल्या शहराच्या पाण्याशी येतो. कचऱ्याचा संबंध येतो तो उचलणाऱ्या माणसांच्या हातांशी. तो कसा, ते आपण पाहू.

लंगोट हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेच. दुपटे म्हणजे बाळाला गुंडाळण्याचे किंवा त्याच्या खाली घालण्याचे मऊ कापड. दुपटे आणि दुपट्टा हे शब्द ऐकायला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. गोधडी आणि गुदडी यांचेही तसेच. बाळाच्या कपड्यांसाठी घरातील मोठी माणसे नवे कापड आणत नाहीत. जुनी सुती साडी, ओढणी, धोतर किंवा लुंगी फाडून लंगोट शिवतात. हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. नव्या सुती कापडावर खळ असते आणि धाग्यांत थोडा मेणचट अंश असतो. त्यामुळे नवे कापड पाणी चटकन शोषत नाही. पुष्कळदा धुतलेले कापड मऊ होते आणि पाणीही लवकर टिपते. म्हणून बाळासाठी जुने कापडच अधिक चांगले.

आता बाजारात मिळणाऱ्या, एकदा वापरून फेकून देण्याच्या लंगोटाकडे वळू. त्याला आपण सगळे डायपर म्हणतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस असतो आणि त्या कापसात पांढरे, साखरेसारखे बारीक कण मिसळलेले असतात. सगळी करामत या कणांची आहे. हे कण आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगतात आणि त्यांचा लिबलिबीत गोळा होतो. दाबले तरी त्यातून पाणी सहसा बाहेर येत नाही.

तुम्हांला हे स्वतः पाहता येईल. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली एक कोरा डायपर कापा. त्यातील थोडे कण पेल्यात टाका आणि हळूहळू पाणी घाला. पेला उलटा केला तरी पाणी सांडणार नाही. आता त्या गोळ्यावर चमचाभर मीठ टाकून ढवळा. गोळा पुन्हा पातळ होतो, कारण मिठामुळे कणांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. लघवीतही क्षार असतात. म्हणून साध्या पाण्याच्या मानाने हे कण लघवी कमी शोषतात. (प्रयोग झाल्यावर पेला लहान भावंडाच्या हाती लागू देऊ नका. दिसेल ते तोंडात घालणे हा त्याचा आवडता उद्योग असतो.)

डायपरमुळे रात्री बाळ आणि आई दोघेही शांत झोपतात, हे खरेच आहे. पण एक साधा हिशेब करा. बाळाला दिवसाला पाच डायपर लागतात असे धरू. मग वर्षाला १,८२५ होतील. अडीच वर्षांत साडेचार हजारांहून अधिक! त्यांतील प्लॅस्टिक कुजत नाही. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या कचरा डेपोत जातो. तेथे कचऱ्यापासून वीज तयार करण्याचा प्रकल्प उभारला असून त्याचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. पण डेपोपर्यंत पोहोचण्याआधी हा कचरा कुणाच्या तरी हातांतून जातो.

कचरा वेचणाऱ्या आणि वेगळा करणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. कागद, बाटल्या, पत्रा वेगळा काढताना कुणाच्या तरी घरचा उघडा, घाण डायपर त्यांच्या हातांत येतो. शेजारच्या पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. या संस्थेने घरोघरी एक सोपी गोष्ट सांगितली: वापरलेला डायपर वर्तमानपत्रात नीट गुंडाळा आणि पुडीवर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला, की बाईला पुडी उघडून पाहावी लागत नाही. एवढ्याशा ठिपक्याने एका माणसाची घाणीपासून आणि रोगापासून सुटका होते. पुडी बांधण्याआधी डायपरमधील शी शौचालयात टाकावी. डायपर मात्र कधीही शौचालयात टाकू नये. तो आत फुगतो आणि नळ तुंबतो. मग तुंबलेला नळ साफ करायलाही एखादा माणूसच येतो. देशाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा गुंडाळूनच द्यावा, असे सांगितले होते.

मग कापडी लंगोट वापरले की प्रश्न सुटला का? नाही. कापड धुवावे लागते आणि धुण्याला पाणी लागते. आपल्या शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. ते धरणातून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलतात आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात. शहर वाढले आणि पाणी पुरेना. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली. ज्या घरात पाण्याचे पिंप भरून ठेवावे लागते, त्या घरातल्या आईला "फक्त कापडीच वापरा" असे सांगणे सोपे आहे, करणे नाही. त्यातून ती स्वतः कारखान्यात पाळीवर जात असेल, तर विचारूच नका.

या प्रश्नाचा अभ्यास इंग्लंडमध्ये झालेला आहे. तेथील पर्यावरण खात्याने २००५ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये दोन्ही प्रकारच्या लंगोटांची तुलना केली. कापूस पिकवण्यापासून कचरा फेकण्यापर्यंतचा सगळा हिशेब त्यांनी मांडला. कापडी लंगोट आपोआप चांगला ठरत नाही, असे त्यांना दिसले. तो कसा धुतला आणि कसा वाळवला यावर सारे अवलंबून असते. फार गरम पाण्यात धुतला आणि यंत्रात वाळवला, तर फायदा नाहीसा होतो. दोरीवर वाळवला आणि तोच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरला, तर फायदा वाढतो. आपल्या दादी-नानी हेच करत आल्या आहेत. दोरी, ऊन आणि मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला!

पाणी वाचवण्याच्या काही युक्त्या घरोघरी आहेत. लंगोट तीन पाण्यांतून काढतात असे धरू. तिसरे पाणी बरेच स्वच्छ असते. ते फेकू नये. दुसऱ्या दिवशी लंगोट प्रथम भिजवायला ते चालते. पहिले घाण पाणी शौचालयात ओतावे, म्हणजे तेथे वेगळी बादली लागत नाही. साबण बेताचा घालावा. साबण कापडात राहिला तर बाळाच्या कातडीला खाज सुटते आणि तो काढायला आणखी पाणी लागते. शिवाय साबणाचे पाणी शेवटी गटारातून नदीकडेच जाते. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना अनेकदा दिसला आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर घराघरांतून येणारे सांडपाणीही त्याला कारण आहे.

कडक ऊन हे फुकटचे औषध आहे. उन्हात कापड वाळते आणि पुष्कळ जंतू मरतात. अडचण येते ती पावसाळ्यात. दमट लंगोट बाळाला घालू नये, अंगावर पुरळ उठते. त्या दिवसांत इस्त्री फिरवावी किंवा सरळ डायपर वापरावा. मला विचाराल, तर दिवसा घरी कापडी आणि रात्री किंवा एसटीच्या प्रवासात डायपर, हा मधला मार्ग चांगला. पाच ऐवजी दोन लागले, तरी वर्षाला हजाराहून अधिक डायपर वाचतात.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र दादीकडे असतो. ती बाळाला आपल्या दोन पायांवर बसवते आणि तोंडाने "शू... शू" असा आवाज करते. ठरावीक वेळी असे बसवले, की बाळाला सवय लागते आणि पुष्कळ लंगोट वाचतात. बहुतेक मुले दीड-दोन वर्षांनंतर स्वतः सांगू लागतात. तोवर रागावून काही उपयोग नसतो.

लंगोट विरले, की त्यांची फडकी होतात. जुन्या साड्यांची आणि ओढण्यांची गोधडी होते. कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवतात. तिच्यासारखी ऊब दुकानातल्या दुलईला नाही, असे माझे मत आहे.

बाळ चालू लागताना पूर्वी त्याला पांगुळगाडा देत. तीन चाकांची ही लाकडी गाडी उभ्याने धरून ढकलायची असते. त्यामुळे बाळाचे वजन त्याच्या स्वतःच्या पायांवर पडते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये बाळ बसते आणि वेगाने घरंगळते. जिन्यावरून पडून इजा होते, म्हणून कॅनडा देशाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

पांगुळगाडा सुताराकडून करून घेता येतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात आणि खोक्यांच्या फळ्या पुढे विकल्या जातात. परदेशातून आलेल्या खोक्यावर शिक्का असतो. त्यात एचटी ही अक्षरे असतील, तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे. एमबी असेल, तर त्यावर मिथिल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू वापरलेला आहे. बाळाच्या वस्तूसाठी पहिलेच लाकूड घ्यावे. फळी पॉलिश पेपरने चांगली घासावी, कुसळ राहू देऊ नये आणि एकही खिळा बाहेर आलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.