पन्हा पाहून कात्री

विषय ‘ऐतिहासिक वेशभूषा आणि घरात साठलेलं कापड’ असा जाहीर झाला होता, त्यामुळे आज समोर दोन तऱ्हेची मंडळी असणार. एक, ज्यांना नाटकासाठी, मिरवणुकीसाठी किंवा शाळेच्या संमेलनासाठी जुन्या काळचे कपडे शिवायचे असतात. आणि दुसरी, ज्यांच्या कपाटाचं दार नीट लागत नाही. दुसऱ्या गटात मीही आहे. आईच्या साड्या, वडिलांची धोतरं आणि ओटीत आलेले ब्लाउजपीस. हे ब्लाउजपीस म्हणजे आपल्याकडचं एक वेगळंच चलन आहे. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला या घरातून त्या घरात फिरतात, शिवत मात्र कोणी नाही. कधीकधी आपणच दिलेला पीस दोन वर्षांनी आपल्याच ओटीत परत येतो!

माझं म्हणणं असं आहे की जुन्या काळचा कपडा शिवायचा असेल तर हा साठा म्हणजे तडजोड नव्हे. दुकानातून दहा मीटर नवं कापड आणणाऱ्यापेक्षा, घरातल्या अपुऱ्या तुकड्यांशी झगडणारा माणूस जुन्या शिंप्याच्या जास्त जवळ असतो. का, ते सांगतो.

आज कापड स्वस्त आहे आणि शिलाई महाग. साध्या ब्लाउजची शिलाई कापडापेक्षा जास्त होते, हा अनुभव तुम्हाला आहेच. यंत्रमागाच्या आधी हे बरोबर उलटं होतं. सूत हातानं कातलेलं, कापड हातानं विणलेलं, त्यामुळे कापड ही घरातली मोलाची वस्तू. शिंप्याची मजुरी त्या मानानं किरकोळ. म्हणून जुना कपडा कापताना पहिला प्रश्न ‘अंगाला कसा बसेल’ हा नसायचा. ‘पन्ह्यात कसा बसेल’ हा असायचा.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ती ठरते मागावर. धोटा एका हातातून दुसऱ्या हातात फेकायचा, तर विणकराचे हात पोचतील तेवढीच रुंदी एकट्याला विणता येते. इंग्लंडमध्ये रुंद लोकरी कापड विणायला मागावर दोन माणसं बसत. १७३३ मध्ये जॉन के यानं दोरीनं उडणाऱ्या धोट्याचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे तेच काम एका माणसाला जमू लागलं. टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरियो म्युझियममध्ये काम केलेल्या डोरोथी बर्नहॅम यांनी १९७३ मध्ये ‘कट माय कोट’ नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. पारंपरिक कपड्यांचा आकार कापडाच्या रुंदीतून कसा घडत गेला, हाच त्याचा विषय. पुस्तक अगदी बारकं आहे, पण ते वाचल्यावर कुठलाही जुना सदरा पाहिला की त्यातला पन्हा दिसायला लागतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. चोळीचं कापड म्हणजे खण. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्या ओळखीचा आहे. अरुंद पन्हा, दोन्ही बाजूंना विणलेले काठ. चोळी अशी बेततात की काठ नेमका बाहीच्या टोकाला यावा. काठ म्हणजे सजावट तर आहेच, पण काठाला उसवण नसते, तिथे दुमड घालावी लागत नाही. म्हणजे शिलाई वाचली, कापड वाचलं आणि शोभाही आली. हल्ली खणाच्या कापडाचे काठ कापून टाकून गोल गळ्याचे ब्लाउज शिवतात. शिवोत बापडे. पण त्याला पारंपरिक म्हणू नये.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. कळीदार घेर. अंगरख्याला खाली घेर येतो तो कळ्यांमुळे, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा पट्ट्यांमुळे. समजा एक ब्लाउजपीस आहे, पन्हा ३६ इंच, लांबी ८० सेंटीमीटर, म्हणजे साधारण ३१ इंच. त्याच्या १२ इंच रुंदीच्या तीन उभ्या पट्ट्या होतात. एक पट्टी समोर ठेवा. वरच्या कडेवर डावीकडून ३ इंचांवर खूण, खालच्या कडेवर डावीकडून ९ इंचांवर खूण. दोन्ही खुणा तिरप्या रेषेनं जोडून कापा. डावा तुकडा वर ३, खाली ९. उजवा तुकडा वर ९, खाली ३. उजवा उलटा फिरवला की दोन सारख्या कळ्या तयार, आणि चिंधी शून्य. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया सोडली तर प्रत्येक कळी वर २ आणि खाली ८ इंच उरते. एकाच रंगाचे दोन पीस असले तर बारा कळ्या: वर २४ इंच, खाली ९६. लहान मुलाच्या अंगरख्याचा घेर झाला की! ओटीतल्या दोन पीसमध्ये.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. प्रत्येक कळीची एक कड सरळ धाग्यावर असते आणि एक तिरपी. तिरपी कड ताणली की लांबते. म्हणून जोडताना एका कळीची तिरपी कड शेजारणीच्या सरळ कडेला जोडायची, म्हणजे सरळ कड तिरपीला धरून ठेवते. दोन तिरप्या एकत्र आल्या तर चार दिवसांत घेर तिथेच लोंबतो. दुसरं म्हणजे एक कळी उलटी फिरवली आहे. कापडावर देठासकट फुलं किंवा मोर असतील, तर अर्धे मोर डोक्यावर उभे राहतील. अशा कापडाला ही युक्ती चालत नाही. साधं किंवा ठिपक्यांचं कापड घ्या.

काखेचंही तसंच. जुन्या बेतात बाही बहुतेकदा सरळ असते, गोल मुंढा कापलेला नसतो. मग हात वर करताना कापड ओढलं जाऊन फाटू नये म्हणून काखेत चार-पाच इंचांचा चौकोन बसवतात, टोक खाली करून, शंकरपाळ्यासारखा. सगळ्या ओढीचा भार तो घेतो. साठ्यातल्या बारीक चिंध्यांची ही हक्काची जागा.

आणि तुकडा पुरला नाही तर? जोड द्या. बिनधास्त. जॅनेट आर्नल्ड या इंग्लिश अभ्यासिकेनं संग्रहालयांतले खरे जुने पोशाख मोजून त्यांचे बेत काढले. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’चा पहिला भाग १९६४ चा. त्यातले बेत पाहिले की उंची रेशमी झग्यांतही ठिकठिकाणी जोड दिसतात. अठराव्या शतकातल्या युरोपातल्या बायका वरच्या झग्याखाली झाकल्या जाणाऱ्या घागऱ्याच्या भागाला सर्रास हलकं कापड लावत. अंगरख्यात जे पान आत, दुसऱ्याच्या खाली जातं, तिथे तुम्ही दुसऱ्या कापडाचा जोड दिलात तर तुम्हाला कोणी हसायचं कारण नाही.

आता रंगाबद्दल, कारण इथे नाटक-मालिकांनी आपला फार गोंधळ केलाय. पेशवा म्हटलं की जांभळी मखमल आणि सोनेरी लेस. ती मखमलही बहुतेकदा कृत्रिम धाग्याची, दिव्याखाली चकाकणारी. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्यानं काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे, छापील प्रती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्यात काय दिसतं? पांढरं, तलम सुती कापड. वैभव दिसतं ते दागिन्यांत आणि कापडाच्या तलमपणात. म्हणजे माळ्यावर पडलेलं आजोबांचं धोतर, शंभर वेळा धुवून मऊ झालेलं, हे पेशवाई अंगरख्यासाठी बाजारातल्या कुठल्याही मखमलीपेक्षा योग्य कापड आहे.

अर्थात ते टिकणार का, हे आधी बघायचं. दोन अंगठ्यांमध्ये धरून उभं आणि आडवं हलकेच ताणा. चर्र आवाज आला तर सोडून द्या. धोतर बसायच्या जागी विरलेलं असतं, काठाजवळ बहुधा चांगलं असतं. तिथून बाह्या आणि पाठ काढा, विरलेला भाग अस्तराला दुहेरी करून वापरा. शिवायला सुती दोराच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो. ओढ बसली की दोरा तुटत नाही, कापड चिरतं. शिलाई मशीनवर की हातानं? १८४६ मध्ये एलियास हाउनं अमेरिकेत पेटंट घेतलं, त्याआधीचं जवळजवळ सगळं हाताचंच. माझं मत असं, की आतल्या लांब शिवणी मशीनवर घ्या, बाहेर दिसणाऱ्या कडा हातानं दुमडा. शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्यांना हे पटणार नाही, पण संमेलन शनिवारी असतं.

कापड कशाचं आहे ते कळत नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टरही टाकू नका, कच्चा नमुना शिवून बघायला ते उत्तम.

आता जो भाग मला खरा महत्त्वाचा वाटतो तो. साठ्यातलं काय कापायचं नाही?

जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार असते आणि तिला सोन्याचा मुलामा. ही जरी जाळून चांदी काढतात, आणि त्यापायी कितीतरी सुंदर पैठण्या आणि शालू भट्टीत गेले. कात्रीनंही तेच होतं, फक्त हळूहळू. हातमागाची पूर्ण, धड साडी कापू नका. घडीवर चिरलेली असेल तर चिरलेला भाग वगळून उरलेलं वापरायला हरकत नाही. काठ आणि पदर शाबूत, अंग गेलेलं, अशी साडी तर वेशभूषेसाठीच जन्मलेली असते.

पण जरीच्या साडीपेक्षा दुर्मिळ काय असेल, तर शिवलेला रोजचा कपडा. नऊवारी विरली की तिची दुपटी, मग गोधडी, मग पोतेरं. चोळी तर अंगावरच झिजायची. म्हणून संग्रहालयांत राजेरजवाड्यांचे जामे सापडतात, शेतावर काम करणाऱ्या बाईची चोळी क्वचितच. आपण रंगमंचावर इतिहास म्हणून जे उभं करतो ते दरबारीच दिसतं, त्याचं एक कारण हे आहे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: ‘पणजीची हातानं शिवलेली खणाची चोळी आमच्याकडे आहे. ती थोडी उसवून, सैल करून मुलीला नाचासाठी घालता येईल का?’

ताई, उसवू नका. तिची नक्कल करा, ओटीतल्या पीसमधून. टेबलावर धुतलेली पांढरी चादर पसरा, हात धुवून कोरडे करा, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. चोळी सपाट ठेवा, ओढून सरळ करायला जाऊ नका. जवळ पेन नको, पेन्सिल. प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी मऊ टेपनं घ्या आणि काठ कुठे आलाय ते लिहा. उभा धागा कुठल्या दिशेनं जातो ते बाणानं दाखवा, बेतातलं अर्धं गुपित त्यातच असतं. मग आतली बाजू बघा: माया किती सोडली आहे, शिवण धावदोऱ्याची आहे की उलट्या टिपेची, एका इंचात टाके किती. कुठे जोड दिलेला दिसला तर तोही तसाच काढून घ्या. मग नक्कल तुमच्या मुलीच्या मापानं मोठी करून शिवा. मूळ चोळी धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. वर्षातून एकदा काढून घड्या बदला, आणि घडीच्या आत मलमलीची गुंडाळी ठेवा, म्हणजे त्याच जागी चीर पडणार नाही.