पाणी आपल्याला उचलतं

गेल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि बोलणं शेततळ्यावर आलं. अकरा जणींत पोहता येणाऱ्या दोघीच. बाकीच्या म्हणाल्या, "भाऊ विहिरीत उड्या मारायचे, आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो." मीही त्यांच्यातलीच. तिशी उलटल्यावर पोहायला शिकले, म्हणून आज हे सांगते.

छातीत हवा भरलेली असली की बहुतेकींचं अंग पाण्यावर तरंगतं. बुडवते ती भीती. घाबरलं की आपण मान वर काढतो. डोकं चार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर काढलं की त्याचा भार येतो, पाय खाली जातात आणि अंग उभं होतं. त्यात श्वास कोंडून धरला की चार हात मारूनच दम लागतो.

म्हणून सुरुवात घरी घमेल्यातच करा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला, नाकातोंडाने हळूहळू बुडबुडे सोडा. हवा संपली की डोकं उचलायचं नाही, नुसतं कुशीला वळवायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. रोज वीस वेळा. माझ्या सासूबाई पोट धरून हसल्या होत्या. आता नातीला त्याच शिकवतात.

हे जमलं की कमरेएवढ्या, साचलेल्या पाण्यात जा. एकटीने कधीच नाही. सोबतिणीचा हात पाठीखाली ठेवून उताणं पडा, कान पाण्यात, नजर आभाळाकडे, पोट वर. अंग सैल सोडलं की पाणी उचलतं, हे एकदा कळलं की निम्मं पोहणं आलं. मग पालथं होऊन, हात पुढे लांबवून, पायाने जमिनीला रेटा द्या आणि सरकत जा. पाय हलवायचे ते मांडीपासून, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे नाही. धडपड केली की पाणी नुसतं उडतं, आपण तिथेच. आपल्याकडे पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून शिकवतात, तेही चालेल, पण गाठ पोहणाऱ्या माणसाने तपासावी. साडी नको. ओला पदर पायात गुंततो. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी काठावर ठेवा.

आता शेततळं. तिथे शिकायला मुळीच उतरू नका. प्लास्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून चारही बाजूंना खांबाला जाड दोर बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा, टोक पाण्यात सोडा. कुणी पडलंच तर मागे उडी टाकू नका, बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो. काठावर पालथं पडून दोर, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका, आणि ओरडून माणसं गोळा करा.

आमच्या गटाने दोर घेतलाय. या आठवड्यात तीन तळ्यांवर बांधून होईल.