निवडून आल्यावर पुढें काय?

निवडणुकीचा निकाल लागला कीं गांवोगांव हारतुरे, मिरवणुका व पेढे यांचा जो सुकाळ होतो, तो आमच्या वाचकांस नवा नाहीं. व्यापारी बंधूंस तर त्या सत्कारांची वर्गणीहि ठाऊक आहे! परंतु नव्या आमदारानें त्या आसनावर बसून काय केलें, याची चौकशी करणारा मतदार विरळा. म्हणून सन १९३७ सालीं मुंबई इलाख्याच्या विधिमंडळांत निवडून आलेल्या एका सभासदाची हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. हे सभासद म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांस सारे ओळखतात. त्यांच्या आमदारकीविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं.

१८९१ सालीं महू येथें लष्करांतील सुभेदाराच्या घरीं जन्म, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत शिक्षण, पुढें लंडन व मग मुंबईस बॅरिस्टरी, हा भाग सर्वश्रुत आहे. १९२७ पासून ते कौन्सिलांत होते, पण सरकारनियुक्त म्हणून. गिरणींतील बाळंतिणीस रजा व भत्ता देणारें बिल १९२८ सालीं चर्चेस आलें, तेव्हां त्यांनीं त्याचा पक्ष घेतला. तो कायदा १९२९ सालीं झाला.

लोकांच्या मतांनीं निवडून येणें ही गोष्ट निराळी. ऑगस्ट १९३६ मध्यें त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढील फेब्रुवारींत भायखळा-परळ भागांतून ते उभे राहिले. समोर काँग्रेसतर्फे कोण, तर नामांकित गोलंदाज पालवणकर बाळू! दोघेहि अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतले. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५. सामना एकतर्फी नव्हता, हें यावरून दिसेल.

त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं त्यांनीं खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. खोत म्हणजे कोंकणांत सरकार व कूळ यांच्यामध्यें बसलेला वसुलीचा मध्यस्थ. पेठेंतला अडत्या निदान मालाची कांहीं जोखीम पत्करतो. खोताचें तसें नव्हे. कुळानें फाळा द्यावा आणि वर खोताच्या शेतावर वेठहि राबावें! अलिबाग तालुक्यांतील चरी येथील कुळांनीं तर १९३३ सालापासून खोतांच्या जमिनी कसण्याचेंच सोडलें होतें. खोतांस भरपाई देऊन कसणाऱ्यास जमिनीचा हक्क द्यावा, इतकेंच बिलाचें मागणें. हीं कुळें महार होतीं, तशींच कुणबी व आगरीहि होतीं; केवळ आपल्या जातीपुरतें पाहणाऱ्या पुढाऱ्याचें हें काम नव्हे. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले व आंबेडकरांनीं मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढें त्यांचें गाऱ्हाणें घातलें.

त्यांचें सर्वच म्हणणें आम्हांस पटतें असें नाहीं. मंत्र्यांस दरमहा ५०० रुपये वेतन अपुरें आहे, असें ते म्हणाले. दरिद्री देशांत त्यागाचा तो धडा आम्हांस तरी मोलाचा वाटतो. तथापि कारभार स्वच्छ राहावयाचा तर वेतन पुरेसें हवें, हा त्यांचा मुद्दा हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. त्याच वर्षीं औद्योगिक कलहाच्या बिलानें कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधन येतांच ते सभागृहांत बोलले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपांत कम्युनिस्टांबरोबर उतरले. बिल मंजूर झालेंच. बहुमत काँग्रेसपक्षाकडे होतें.

खोतीचें बिलहि पडून राहिलें. १९३९ सालीं खेर मंत्रिमंडळानें राजीनामा दिला व गव्हर्नरी अंमल सुरू झाला. खोती नष्ट करणारा कायदा मुंबई विधिमंडळानें केला तो १९४९ सालीं, म्हणजे बारा वर्षांनीं. मुख्यमंत्री पुन्हां खेरच होते. बिल प्रथम मांडणारे सभासद तेव्हां दिल्लीस कायदेमंत्री होते.