ब्रायंटचा एक दिवस कुठे गेला?

आज क्रिस ब्रायंट. २०१५ च्या सराव सामन्यांत या पोराने ९ होमरन ठोकले, तरी शिकागो कब्सने त्याला आधी मायनर लीगमध्ये धाडलं. म्हणे, फील्डिंग सुधारायचीय. मला काही ते पटत नाही.

नियम बघा. मेजर लीगच्या संघात १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी स्वतःचा भाव ठरवायला मोकळा. ब्रायंटला बोलावलं १७ एप्रिलला. सीझन संपला तेव्हा त्याचे दिवस किती? १७१! आमच्या कोडमध्ये असा एकाचा फरक आला की बग म्हणतात. इथे मात्र संघाला एक जादा वर्ष मिळालं.

गडी त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, २०१६ मध्ये एमव्हीपी. कब्सनेही १९०८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली. पण २०२० मध्ये लवादाने त्याची तक्रार फेटाळली, आणि तो मोकळा झाला थेट २०२१ च्या सीझननंतर.

२०२२ च्या करारात ही फट थोडी बुजवली. नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलात, तर दिवस कमी पडूनही पूर्ण वर्ष मिळू शकतं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२४ मध्ये थेट मे महिन्यात आला, पुरस्कार जिंकला आणि आख्खं वर्ष खात्यात पाडून घेतलं.