आलापल्लीचे न तोडलेले सहा हेक्टर

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सागवनाचा एक जुना तुकडा आहे. लोक त्याला 'वनवैभव' म्हणतात. क्षेत्र जेमतेम ६ हेक्टर. पण राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ होण्याचा मान २०१४ मध्ये त्यालाच मिळाला. पुढे २०२० मध्ये पुण्याचे गणेशखिंड उद्यानही या यादीत आले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या पुण्यातील निवासाजवळ १८७३ मध्ये उभी राहिलेली ही बाग सुमारे ३३ हेक्टरांची.

दर्जा एकच, घडण मात्र उलटी. गणेशखिंडीत झाडे आणून लावली, जोपासली. वनवैभवात १९५३ पासून कुऱ्हाड थांबवली.

हे थांबणे सोपे नव्हते. आलापल्लीचा हा भाग अहेरी जमीनदारीतला; जुन्या चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यातली ती सर्वांत मोठी जमीनदारी. इंग्रज अमदानीत या भागात राखीव जंगले आखली गेली, सागाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले पट्टे, पडू लागले. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या, त्यांची राने सरकारजमा झाली. कूपकटाई मात्र चालूच राहिली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाला आजही मागणी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीचे लाकूड २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहूनच रवाना झाले.

मग सहा हेक्टर राखून काय साधले? रोपवनात झाडे एका वयाची, एका रांगेत. विरळणी करून वाढवायची आणि मुदत भरली की तोडायची. न तोडलेल्या रानात म्हातारे झाड आपल्या मरणाने पडते. साग उजेडाचा भुकेला. दाट सावलीत त्याचे रोप वर येत नाही. झाड कोसळून माथ्यावर आभाळ उघडले की खालच्या रोपांना संधी मिळते. पडलेल्या खोडावर वाळवी, अळंबी, किडे जगतात आणि त्यांच्यामागे पाखरे येतात. तोडलेले जंगल किती बदलले, हे मोजायला असा नमुना हाताशी लागतो.

आता प्रश्न मालकीचा. जैवविविधता कायदा २००२चा. त्यातल्या ३७व्या कलमानुसार राज्य सरकार असे वारसा स्थळ स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करूनच जाहीर करते. त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की गावकऱ्यांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर त्यांनी स्वतःहून ठरवल्याशिवाय बंधन येऊ नये. आधी जमीनदार, मग वनखाते, अशा हातांतून आलेल्या या मुलखात गावाचे मत विचारणारी ही तरतूद म्हणूनच मोलाची. फलक लावून वारसा टिकत नाही; शेजारच्या गावाला तो आपला वाटावा लागतो.