शब्द ओळखीचा आहे, पण अर्थ तोच आहे का?

शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेत एक वाक्य होते : 'पुरात अडकलेल्यांना वाचवण्यासाठी जवानांनी प्रयत्नांची शिकस्त केली.' 'शिकस्त' या शब्दाचा अर्थ निवडायचा होता. पर्याय होते पराभव, पराकाष्ठा, सुरुवात आणि टाळाटाळ. आमच्या पाचवीच्या वर्गातल्या एका हुशार मुलीने 'पराभव'वर खूण केली. घरी उर्दू बोलतात, शिकस्त म्हणजे हार, हे तिला पक्के ठाऊक. पालकसभेत तिची अम्मी म्हणाली, "सर, आता घरात उर्दू बोलणं बंदच करतो."

असे करू नका. चूक उर्दूची नाही, घाईची आहे.

फारसी-अरबीतून आलेले कितीतरी शब्द मराठीत शेकडो वर्षांपासून आहेत. काहींचा अर्थ तोच राहिला, काहींचा बदलला. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत पैलवान तालमीत घाम गाळतो आणि नाटकाचीही तालीम होते. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा कृती. मराठीत 'माझी हरकत नाही' म्हणजे माझा विरोध नाही. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद. मराठीत 'तक्रार' आपण पाणी आले नाही म्हणून नगरपालिकेत करतो.

मग मुलाने ओळखायचे कसे? शेजारचे शब्द बघून. जवान लोकांना वाचवत आहेत, शिवाय 'प्रयत्नांची' हा शब्द आधी आहे. तिथे 'पराभव' घालून वाक्य वाचले की ते लगेच खटकते. 'पराकाष्ठा' मात्र नीट बसते.

रिकाम्या जागेच्या प्रश्नांनाही हीच रीत लागू पडते. आम्ही वर्गात चार पायऱ्या सांगतो :

1. आधी पूर्ण उतारा वाचा. रिकामी जागा आली की थांबू नका.
2. पर्याय हाताने झाका आणि तिथे कोणता शब्द येईल, ते स्वतः ठरवा. मगच पर्याय बघा.
3. जोडशब्द बघा. 'त्याने खूप अभ्यास केला, ____ तो नापास झाला.' इथे 'म्हणून' चालणार नाही, 'तरीही' हवे. लिंग-वचनही बघा. 'मोठी ____' असेल तर पुढे 'घर' येणार नाही, 'इमारत' येईल.
4. निवडलेला शब्द घालून वाक्य पुन्हा वाचा. कानाला खटकले तर पर्याय बदला.

घरी यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. मराठी वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी घ्या, त्यातले पाच शब्द पेनाने खोडा आणि मुलाला ओळखायला सांगा. उत्तर बरोबर आले तरी "हाच शब्द का?" हे जरूर विचारा. कारण सांगता आले, तरच त्याला समजले असे धरा. अंदाजाने आलेला गुण पुढच्या पेपरात येईलच असे नाही.

ज्या घरात दोन भाषा आहेत, तिथे आणखी एक काम करा. एक वही ठेवा. डाव्या बाजूला शब्दाचा उर्दू अर्थ, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि खाली दोन्ही भाषांतले एकेक वाक्य. त्या मुलीच्या वहीत पहिला शब्द 'शिकस्त' आहे. उर्दू वाक्य तिच्या अम्मीनेच सांगितले.