गिटार निघाली भारतवारीला!

उन्हाळी सुट्टीत आपण भारतात जातो, मुलांची इलेक्ट्रिक गिटार मात्र इथेच राहते आणि दोन महिन्यांचा रियाज बुडतो. यावर उपाय म्हणजे चक्क 'बिनडोक्याची' गिटार! हिच्या खुंट्या घोडीपाशी असतात. त्यामुळे वाद्य आखूड होते, पण तारेची लांबी पुरी २५.५ इंच मिळू शकते. बोटांची सवय मोडत नाही. काहींना खास तारा लागतात, जादा संच जवळ ठेवावा. विमानात चढताना जागा असेल, तर अमेरिकन कंपन्यांना २०१५ पासून छोटे वाद्य आत घेऊ देणे बंधनकारक आहे.

पावसाळी दमट हवेत मान किंचित वाकते. म्हणून पोचल्यावर एक दिवस थांबून सूर लावा. गरज वाटली तरच ट्रस रॉड अगदी थोडा फिरवा. बाराव्या पडद्यावर सूर चढा लागला, तर त्या तारेची घोडी मागे सरकवा. सोबत हेडफोन असू द्या, म्हणजे आजोबांची वामकुक्षी मोडणार नाही!